जावरच्या उलट्या मुशी

उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत टिडी नदीच्या काठी जावर आहे. तिथल्या जुन्या भिंती जवळ जाऊन पाहिल्या तर त्यांतल्या काहींमध्ये दगड-विटांऐवजी मातीची भांडी दिसतात. दीड वीत लांब, एका टोकाला बंद, आत काळपट खंगर साचलेले आणि बाहेरून इतकी भाजलेली की अंगावर काच चढली आहे. गावकऱ्यांनी ती एकावर एक आडवी रचली, मधे चिखल भरला आणि घरे उभी केली. कच्चा माल हवा तेवढा होता. आजूबाजूला याच फेकलेल्या भांड्यांची टेकाडे पसरली आहेत आणि त्यांचे वजन लाखो टनांत मोजावे लागते.

भिंतीत बसण्याआधी यातले प्रत्येक भांडे फक्त एकदा वापरले गेले होते. त्या एका वापरात त्यातून थोडेसे जस्त निघाले. जगात मोठ्या प्रमाणावर जस्त गाळण्याचा सर्वांत जुना ठाऊक असलेला कारखाना तो हाच.

गंमत अशी की आधुनिक काळात या जागेविषयी लिहिणाऱ्यांना ती कशाची खाण आहे हेच नीट कळले नव्हते. मेवाडमध्ये कंपनी सरकारचा पोलिटिकल एजंट असलेल्या जेम्स टॉडने राजस्थानचा इतिहास लिहिला. त्याचे दोन खंड १८२९ आणि १८३२ साली निघाले. महाराणा प्रताप रानोमाळ भटकत असताना भिल्लांनी त्याच्या मुलांना वेताच्या टोपल्यांत घालून जावरच्या खाणींत लपवले आणि तिथे त्यांना सांभाळले, ही कथा त्यात आहे. फक्त टॉड या खाणींना कथलाच्या खाणी म्हणतो. जावरमध्ये कथील नाही. तिथे आहे जस्त, शिसे आणि शिशाबरोबर येणारी थोडी चांदी. पण टॉडला फार दोष देता येत नाही. पांढरट, लवकर वितळणारा धातू म्हटला की त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कथीलच येई.

जस्ताची ओळख माणसाला इतकी उशिरा का झाली, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. तांबे, लोखंड, शिसे यांच्या बाबतीत काम तसे सरळ असते. धातुक कोळशाबरोबर तापवा. धातू सुटा होतो आणि भट्टीच्या तळाशी साचतो. जस्ताचे धातुक कोळशाने फोडायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि जस्त उकळते ९०७ अंश सेल्सिअसला. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. ही वाफ धुराबरोबर वर गेली आणि तिला हवा लागली की जळून तिची पांढरी भुकटी होते, म्हणजे पुन्हा जस्ताचे ऑक्साइड. भट्टी कितीही मोठी असो, फुंकणारा कितीही तरबेज असो, तळाशी काहीच सापडत नाही. जस्त वितळवण्यात कौशल्य नाही, ते साडेचारशे अंशांच्या आतही वितळते. अडचण आहे ती त्याला पकडण्यात.

म्हणून जगाने आधी पितळ केले आणि जस्त पुष्कळ नंतर पाहिले. तांब्याचे तुकडे, जस्ताचे धातुक आणि कोळसा एकाच बंद मुशीत घालून तापवले, की निसटणारी जस्ताची वाफ तांब्यातच शिरते आणि तांबे पिवळे होते. रोमन लोकांनी याच पद्धतीने पितळेची नाणी पाडली. पण तिला एक मर्यादा आहे. या मार्गाने तांब्यात साधारण २८ ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त जस्त जात नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या पितळेत याहून जास्त जस्त सापडले की धातुविज्ञांचे कान टवकारतात: करणाऱ्याकडे सुटे जस्त असणार. तक्षशिलेच्या भिर टेकाडातून निघालेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका भांड्यात ३४ टक्के जस्त आहे. हे एकच भांडे. त्यावर किती मोठी इमारत उभी करायची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणेच शहाणपणाचे. जावरचा पुरावा मात्र एका भांड्याचा नाही, टेकाडांचा आहे.

जावरच्या डोंगरांतले खाणकाम जस्ताच्या कारखान्यापेक्षा कितीतरी जुने. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला, बरोई या टेकड्यांच्या पोटात डोलोमाइटच्या खडकात जस्त-शिशाच्या धातुकाच्या शिरा आहेत. जुन्या बोगद्यांत सापडलेल्या लाकडांचे कार्बन-१४ पद्धतीने वय काढले, तेव्हा सर्वांत जुनी लाकडे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासची निघाली. तेव्हा हे लोक बहुधा शिसे-चांदीच्या किंवा पितळेसाठीच्या धातुकाच्या मागे असावेत.

डोलोमाइट छिन्नीला सहजी दाद देत नाही आणि सुरुंगाची दारू अजून जन्मायची होती. मग हत्यार होते आग. खडकाच्या तोंडाशी लाकडे रचायची, पेटवायची आणि माणसांनी बाहेर यायचे. तापलेला खडक तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात. नंतर लोखंडी पहार आणि हातोडा घेऊन ते पाडायचे. जावरच्या जुन्या पोकळ्यांच्या भिंती म्हणूनच खरबरीत नाहीत, गोलाई घेतलेल्या आणि गुळगुळीत आहेत. छत कोसळू नये म्हणून मधे खडकाचे खांब सोडलेले, काही ठिकाणी कमानदार. लाकडी शिड्या, मचाणे, पाणी काढून देण्यासाठी ओंडके कोरून केलेले पन्हाळे, हे सगळे सापडले आहे. काही पोकळ्या शंभर मीटरहून खोल उतरतात. इतक्या खाली जाळ करायचा म्हणजे धुराची वाट आधी ठरवायला हवी. एक वाट हवा आत येण्यासाठी, दुसरी धूर बाहेर जाण्यासाठी. हे गणित कुणी कागदावर मांडले नसेल. पण ते चुकले असते तर माणसे गुदमरून मेली असती. आणि लाकूड? जाळायला लाकूड, आधाराला लाकूड, वर भट्टीला पुन्हा कोळसा. जावरभोवतीच्या जंगलाने या उद्योगाची किंमत शतकानुशतके मोजली.

वर आलेल्या धातुकावरची कारागिरी सुरू होते ती हातोड्याने. दगड फोडायचे, नजरेने निवडायचे; चकाकणारे जड शिसे एकीकडे, तपकिरी-पिवळसर जस्ताचे धातुक दुसरीकडे, नुसता खडक फेकून द्यायचा. मग जस्ताचे धातुक भाजायचे. जावरचे धातुक गंधकाचे, शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला झिंक ब्लेंड म्हणतो ते. भाजल्याने गंधक धूर होऊन निघून जातो आणि ऑक्साइड उरते. ते कुटून त्यात डोलोमाइटची भुकटी, कोळशासारखे काहीतरी जळणारे सेंद्रिय द्रव्य आणि मीठ मिसळायचे आणि पाण्याने मळून हरभऱ्या-वाटाण्याएवढ्या गोळ्या वळायच्या.

गोळ्याच का, भुकटी का नाही? कारण भुकटी दाबून बसते. मुशीच्या पोटात तयार झालेल्या वाफेला बाहेर पडायला फटी लागतात आणि गोळ्यांमध्ये त्या आपोआप राहतात. डोलोमाइट सगळ्याचा एक घट्ट गठ्ठा होऊ देत नाही. मीठ गोळ्यांना धरून ठेवायला मदत करते. साधी दिसणारी ही कृती करणाऱ्याला भट्टीच्या आत काय चालले आहे हे नेमके ठाऊक होते, त्याच्यापाशी नावे आणि सूत्रे नव्हती इतकेच.

या गोळ्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरायच्या. मग तोंडाला मातीचीच, एका टोकाला रुंद होणारी लांब नळी लिंपून बसवायची. आता ही मूस उलटी करायची आहे. पोट वर, नळी खाली. उलटी केली की गोळ्या घरंगळून बाहेर येणार. त्यासाठी नळीत एक काडी उभी ठेवत. भट्टी तापेपर्यंत काडी गोळ्यांना अडवून धरते. तापल्यावर काडी जळून जाते, पण तोवर गोळ्या एकमेकींना चिकटून जागच्या जागी बसलेल्या असतात आणि काडीच्या जागी वाफेला बाहेर पडायला सरळ वाट तयार होते. जावरच्या तंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट कोणती असे विचारले तर अनेक जण भट्टीकडे बोट दाखवतील. या काडीचा मान मात्र त्याहून मोठा आहे. ज्याने हे शोधले त्याने आधी कितीतरी मुशी उलट्या करून गोळ्या जमिनीवर सांडलेल्या पाहिल्या असणार.

भट्टी दोन मजली. मधे भाजलेल्या मातीची जाड, भोकांची फरशी. मोठी भोके मुशींच्या मानांसाठी, लहान भोके राख खाली पडण्यासाठी. वरच्या कोठीत जाळ, आणि त्या जाळात उलट्या उभ्या केलेल्या मुशी: एका भट्टीत सहा रांगा, रांगेत सहा, अशा छत्तीस. नळ्या फरशीतून खालच्या कोठीत उतरलेल्या आणि प्रत्येकीखाली थेंब झेलायला भांडे. वर अकराशे-बाराशे अंश, खाली पाचशेच्या आसपास. हा फरक राखणे म्हणजे सगळे काम. खालची कोठी फार थंड झाली तर जस्त नळीतच गोठून नळी तुंबते. फार तापली तर वाफ थिजतच नाही. पाच-सहा तास आच चालायची. वाफेला वर जायला वाट नसल्याने ती खाली येई, हवेपासून दूर, आणि नळीत थिजून टपकू लागे. शेवटी छत्तीस मुशींतून मिळून काही किलो जस्त हाती लागायचे. मुशी मात्र कायमच्या बाद. इतक्या आचेत मातीवर काच चढते आणि पोटातला गाळ चिकटून बसतो. त्या फोडून पुन्हा भरता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या छत्तीस.

म्हणजे जावरला जितके भट्टीवाले लागत, त्याहून जास्त मातीकाम करणारे लागत असणार. एकाच मापाची, एकाच जाडीची, तडा न जाणारी हजारो भांडी सतत तयार ठेवणारी माणसे. धातुविद्येच्या इतिहासात त्यांचे नाव कुणी घेत नाही, पण त्या टेकाडांवर जे शिल्लक आहे ते त्यांचेच काम.

याचे वर्णन संस्कृतात आहे, आणि त्याचा माग पुण्यातून जातो. रसविद्येवरचा 'रसरत्नसमुच्चय' हा ग्रंथ साधारण तेराव्या शतकाचा मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत तो छापला गेला. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासात त्याचा आधार घेतला आणि त्यातल्या कृती आधुनिक रसायनाच्या भाषेत वाचून दाखवल्या. खर्पर नावाच्या खनिजातून 'सत्त्व' काढायला हा ग्रंथ वृन्ताकमूषा वापरायला सांगतो, म्हणजे वांग्यासारखी मूस, तिला धोत्र्याच्या फुलासारखी फाकणारी नळी. ज्योत निळी असताना थांबायचे. पांढरी झाली की मूस उलटी करायची आणि कथलासारखे चकाकणारे सत्त्व खाली ओतायचे. निळी ज्योत म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड, पांढरी म्हणजे जस्ताची वाफ येऊ लागल्याची खूण. रसशाळेतल्या वैद्याने एका मुशीत जे केले, तेच जावरमध्ये छत्तीस-छत्तीसच्या ओळींत झाले. कोणी कोणाकडून शिकले, वैद्याने खाणवाल्याकडून की उलटे, हे सांगणे कठीण. पण ग्रंथकर्त्याने कारागिराच्या खांद्यावरून पाहून लिहिले असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

भट्ट्या प्रत्यक्ष हाती लागल्या १९८३ साली. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून जावरमध्ये उत्खनन केले. के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडक ही त्यातली प्रमुख नावे. जुन्या बोगद्यांचा अभ्यास लिन विलीस यांनी केला. एका ओळीत सात भट्ट्या निघाल्या आणि काहींमध्ये शेवटच्या खेपेच्या मुशी जागच्या जागी उभ्या होत्या. सात भट्ट्यांचा हिशेब केला तर एका वेळी दोनशे बावन्न मुशी. हा घरगुती धंदा नव्हता.

मोठ्या प्रमाणावरचे हे उत्पादन तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास बसले आणि महाराणा लाखाच्या काळापासून जावरची भरभराट झाली. आज जिथे भिल्ल वस्त्या आणि खाणीच्या वसाहती आहेत तिथे तेव्हा शहर होते. जैन व्यापाऱ्यांनी बांधलेली मंदिरे आहेत. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले विष्णुमंदिर आणि कुंड आहे. पैसा कुठून येत होता हे सांगायला नको. सुटे जस्त हाती आल्यावर पितळ हव्या त्या प्रमाणात करता येऊ लागले. दख्खनेत तर एक संपूर्ण कलाच जस्तावर उभी राहिली. बिदरी भांड्यांचा काळा धातू म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक जस्त आणि थोडे तांबे. त्यावर चांदीची नक्षी ठोकून बिदरच्या मातीने तो काळा करतात.

युरोपात तेव्हा काय चालले होते? आग्रिकोलाचा खाणकामावरचा, युरोपातला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ १५५६ साली निघाला, पण जस्त गाळायची कृती त्यात नाही. सतराव्या शतकात डच आणि पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेचे, विशेषतः चीनचे जस्त युरोपला जात होते. चीनची पद्धत वेगळी होती; तिथे वाफ मुशीच्या वरच्या भागातच थिजवत. मग १७३८ साली ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले. त्याच्या भट्टीत मोठाल्या मुशी होत्या आणि त्यांच्या तळातून नळी खालच्या थंड कोठीत उतरत होती. वाफ खाली ओढायची ही कल्पना जावरशी इतकी जुळते की तिचे मूळ भारतात असावे असा तर्क क्रॅडक यांच्यासारख्यांनीही केला आहे. आपल्याकडे मात्र या तर्काचे फॉरवर्ड मेसेजमध्ये 'चोरी' असे रूपांतर झाले आहे. चॅम्पियनपर्यंत जावरची माहिती कशी पोहोचली याचा एकही कागद हाती नाही. त्याच्या भावाने, जॉन चॅम्पियनने, १७५८ साली झिंक ब्लेंड भाजून वापरायचे पेटंट घेतले. जावरला ते शतकानुशतके रोजचे काम होते. विल्यमची भट्टी अवाढव्य कोळसा खाई आणि १७६९ साली त्याचे दिवाळे निघाले. पण ब्रिस्टलजवळ कोळसा होता, बंदर होते, आणि त्याचे तंत्र पुढच्यांनी सुधारले.

त्याच दशकांत जावर उतरणीला लागले आणि यात मराठी वाचकाला जरा अवघडायला लावणारा भाग आहे. १७३६ साली पहिला बाजीराव उदयपूरला आला आणि मेवाडने वार्षिक खंडणी मान्य केली. त्यानंतर खंडणी थकत गेली, चढत गेली. १७६९ साली महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. पुढे होळकर आले, पेंढारी आले, आणि मेवाडच्या सरदारांतल्या चुंडावत-शक्तावत भांडणांनी उरलेसुरले मोडून टाकले. टॉड मराठ्यांचा वैरीच होता, त्याचे प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे लागते. पण तेव्हाचा मेवाड ओसाड पडला होता यात शंका नाही. १८१२-१३ च्या दुष्काळाने शेवटचा घाव घातला आणि जावर रिकामे झाले.

खाण थांबल्याने तंत्र मरत नाही. माणसे पांगल्याने मरते. मुशी वळणारे, आचेचा रंग ओळखणारे, काडी केव्हा जळते हे जाणणारे पोटासाठी दुसरीकडे गेले. १८१८ साली मेवाडने कंपनीशी तह केला, शांतता आली, तरी भट्ट्या पेटल्या नाहीत. पेटवून उपयोगही नव्हता. १८२० च्या दशकात सिलेशियाचे स्वस्त जस्त कलकत्त्याच्या बाजारात उतरले. त्याने चिनी मालालाही हटवले, तिथे जावरच्या एकदा वापरून फेकायच्या मुशी काय टिकणार.

शंभरावर वर्षे डोंगर गप्प होते. १९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने जावरला पुन्हा खाण सुरू केली. सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९६६ साली हिंदुस्तान झिंक स्थापन झाली. उदयपूरजवळच्या देबारीत १९६८ साली जस्ताचा कारखाना चालू झाला. आता धातुक पिठासारखे दळून फेनतरणाने वेगळे करतात: पाण्यात रसायने घालून हवा सोडायची, फेसाबरोबर आधी शिशाचे कण वर काढायचे, मग मोरचूद टाकून जस्ताचे. मग भाजणे, आम्लात विरघळवणे आणि विद्युत अपघटन. वाफेचा प्रश्न असा बाजूलाच ठेवला गेला. जस्त पाण्यातून सरळ पत्र्यावर चढते. भाजण्याची पायरी मात्र अजून तीच आहे.

राजस्थानातल्या नव्या खाणींचा शोधही जुन्यांच्या पावलांवरूनच लागला. भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा-अगुचाचा साठा १९७७ साली सापडला. जगातल्या सर्वांत मोठ्या जस्त खाणींत आज तिथल्या खाणीची गणना होते. तिथेही पृष्ठभागावर जुने खड्डे आणि धातूचा मळ पडलेला होता, आणि खालच्या जुन्या लाकडांचे वय मौर्यकाळापर्यंत मागे गेले. यंत्रे घेऊन आलेल्या भूवैज्ञानिकांना वाट दाखवली ती अशाच खुणांनी. प्राचीन खड्डा दिसला की त्याखाली बोअर मारून पाहणे शहाणपणाचे ठरले.